ठिपक्यांची झुरळं दीड महिन्यात मेली, पण डब्यातली माती फेकू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही बंगळूरला राहता. जूनच्या मध्यावर शहराबाहेर मित्राच्या शेतात, बांधावरच्या पाचोळ्यात काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेले सहा 'भुंगे' सापडले. घरी आणल्यावर कळलं की ती झुरळं आहेत. प्लास्टिकच्या डब्यात दोन बोटं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा, काकडीची चकती आणि कुत्र्याच्या खाण्याचे दाणे, अशी व्यवस्था केली. जुलै संपेपर्यंत सहाही मेली. आता डबा धुऊन नवी आणायची, की ही घरात जगतच नाहीत? मेलेली जपून कशी ठेवायची? आणि पुढे मादागास्करची फुत्कारणारी झुरळं घ्यावीत का?

आधी एकच सांगतो. डबा धुऊ नका. त्यातली माती हलवूही नका, खाली सांगतो तसं करेपर्यंत. तुम्ही ज्यांना मेलेलं पाहिलंत त्यांचं आयुष्य बहुतेक पूर्ण झालं होतं. पुढची पिढी असलीच तर ती त्या दोन बोटं मातीत आहे.

तुमच्याकडची जात थेरिया पेटिव्हेरियाना, इंग्रजीत जिला डोमिनो कॉकरोच म्हणतात ती. द्वीपकल्पीय भारतातल्या खुरट्या जंगलांत आणि शेतांच्या बांधांवर राहते. भुंगा समजलात यात लाज वाटण्यासारखं काही नाही. जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनेयसने १७५८ मध्ये हिला नाव दिलं तेव्हा कॅसिडा या भुंग्यांच्या गटातच घातलं होतं. हा गोंधळ उडावा अशीच तिची ठेवण आहे. आपल्याकडे काळ्या अंगावर सहा पांढरे ठिपके असलेला एक मोठा जमिनीवरचा भुंगा आहे, अँथिया सेक्सगुटाटा. त्याला डिवचलं की तो झोंबणारा आम्लाचा फवारा मारतो. एकदा तोंड पोळलेला पक्षी तशा ठिपक्यांच्या वाटेला पुन्हा जात नाही, आणि या झुरळाचे ठिपके त्याच धाकावर जगतात असं मानलं जातं. झुरळ स्वतः निरुपद्रवी आहे.

आता खरा प्रश्न. तुम्ही विचारलंत 'ती मेली का', पण तुमची अडचण वेगळी आहे. या जातीत ठिपकेवालं, दिसणारं, मिरवणारं झुरळ हा आयुष्याचा शेवटचा अंक असतो. प्रौढ जेमतेम दोन ते चार महिने जगतं. त्याआधीचं जवळजवळ वर्षभर ते मातीखाली बिनठिपक्यांच्या तपकिरी पिल्लाच्या रूपात कुजका पाचोळा खात असतं. पावसाळ्याच्या तोंडाला प्रौढ बाहेर पडतात, जोड्या जमतात, माद्या मातीत अंडी टाकतात आणि संपतात. म्हणजे जूनमध्ये बांधावर फिरणारं झुरळ उचललं की तुम्ही लग्नघाईतला पाहुणा घरी आणलात. तो किती दिवस आधी बाहेर आला होता हे तुम्हाला कळायला मार्ग नाही, मलाही नाही. चार दिवसांचा असेल तर तीन महिने टिकेल, महिन्याभराचा असेल तर तुम्ही काहीही केलंत तरी जुलैअखेर जाऊ शकतो. सहाही साधारण एकाच सुमाराला गेली, तळाशी चिखल आणि अंगावर बुरशी नव्हती, असं असेल तर वय झालं हेच कारण धरा. पहिल्या आठवड्यातच दोन-तीन उलटी पडून पाय झाडत मेली असतील तर मात्र विषाचा संशय घ्या. त्याबद्दल पुढे.

म्हणून ही जात पाळायची म्हणजे माती पाळायची. माती चांगली राहिली की झुरळं आपोआप येतात, दिसतात, जातात, पुन्हा येतात.

आधी डबा तपासू. एका पांढऱ्या ताटात किंवा मोठ्या कागदावर मूठ-मूठ माती पसरा आणि रंगकामाच्या मऊ ब्रशाने बाजूला सारत जा. शोधायची आहे अंडपेटी. ती पहिल्यांदा पाहणाऱ्याला हमखास कचऱ्यासारखी वाटते: तपकिरी, चपटी, जेमतेम सेंटिमीटरभर किंवा त्याहून लहान, एक कड फुगीर आणि दुसरी सरळ. उजेडात तिरकी धरलीत की सरळ कडेवर करवतीसारखे बारीक दाते दिसतात. सालीच्या तुकड्याला आणि बियांच्या टरफलाला असे दाते नसतात, तीच खूण. पिल्लं बाहेर पडतात ती याच दातेरी कडेतून. ती कड उघडलेली आणि आत पोकळ असेल तर पिल्लं आधीच निघाली आहेत. मग ताटातल्या मातीत अजून बारकाईने बघा, तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान काहीतरी कागदाच्या कडेकडे पळताना दिसेल. पेटी भरीव आणि टणक असेल तर ती अजून उबायची आहे. आत चेपलेली किंवा बुरशीच्या केसांनी वेढलेली असेल तर बहुधा गेली. तरी कोरड्या ब्रशाने झटकून वेगळ्या डबीत ठेवून बघा, काही बिघडत नाही.

भरीव पेट्या एका छोट्या डबीत तीन सेंटिमीटर ओलसर मातीवर ठेवा, वरून एक सेंटिमीटर माती भुरभुरा. उबायला दीड-दोन महिने लागतात, कधी त्याहून पुष्कळ जास्त. पाच-सहा महिने तरी डबी टाकू नका. रोज उकरून बघायचा मोह होतो, तो आवरा.

आता मोठा टब. तळ साधारण ४० बाय २८ सेंटिमीटर आणि उंची किमान २० सेंटिमीटर असलेला, कडेला क्लिप असलेल्या झाकणाचा पारदर्शक टब घ्या. पारदर्शक कशासाठी ते पुढे कळेल. त्यात १० सेंटिमीटर माती भरायची, म्हणजे ११ लिटर झाली. तुमच्या दोन बोटं कोकोपीटमध्ये पिल्लांना खाली जायला जागाच नसते, आणि एवढासा थर दुपारी सुकतो, फवारा मारला की चिखल होतो. मधली अवस्था त्याला माहीतच नाही.

माझं मिश्रण मापाने असं असतं: तीन भाग चुरलेला कुजका पाचोळा, दोन भाग कोकोपीट, एक भाग पांढरट पडून बोटाने तुटेल इतकं मऊ झालेलं कुजकं लाकूड, एक भाग चाळलेली साधी माती. कोकोपीट ओलावा धरतं, पण त्यात पोषण जवळजवळ शून्य. नुसत्या कोकोपीटवर ठेवलेली पिल्लं मरत नाहीत, नुसती खुरटतात. म्हणून चूक लवकर कळतही नाही. कोकोपीटची वीट भिजवल्यावर दोन-तीन वेळा पाणी बदलून पिळून घ्या, काही विटांत मीठ असतं.

पाचोळा कुठला? देशी बदाम, वड, फणस, जांभूळ चालतात. आंब्याचं पान चालतं पण कुजायला वेळ घेतं. कडुनिंब आणि निलगिरी नको. पान तपकिरी असून भागत नाही, ते जाळीदार व्हायला लागलेलं हवं, हातात चुरलं की कुरकुर न होता मऊ तुटायला हवं. सोसायटीच्या कुंपणाच्या झाडांखालचा पाचोळा टाळा, माळीबुवा काय फवारतात याची खात्री नसते. आणलेला पाचोळा तसाच कधीही ओतू नका. त्यात घोण येते, आणि एक घोण महिनाभरात टब रिकामा करते. उकळतं पाणी ओतून निथळून घ्या, किंवा दोन-तीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा. (घरच्यांची परवानगी घेऊन. फ्रीजरमधली पाचोळ्याची पिशवी हा झुरळांपेक्षा मोठा वादाचा विषय होऊ शकतो.) यात उपयोगी जीवही मरतात हे खरं. म्हणून नंतर स्प्रिंगटेल (मातीतले इवलेसे उड्या मारणारे जीव) मिळाले तर चिमूटभर सोडावेत, ते बुरशी खाऊन माती स्वच्छ ठेवतात.

ओलावा हा या सगळ्याचा कणा आहे, आणि परदेशी व्हिडिओ बघून लोक इथेच फसतात. युरोप-अमेरिकेत ही जात बरीच पाळली जाते, पण त्यांच्या घरातली हवा हीटरने कोरडी ठक्क झालेली असते. त्यांना रोज फवारा मारावा लागतो, खाली गरम पट्टी लावावी लागते. आपल्याकडे जुलैत हवाच ओली असते. अशा हवेत दोन वेळा फवारा म्हणजे दलदल. फवारा वरचा थर भिजवतो, जो कोरडा हवा असतो, आणि तळाला पाणी पोचत नाही, जिथे ते हवं असतं.

त्याऐवजी टबाच्या एका कोपऱ्यात तळापर्यंत एक जाड स्ट्रॉ किंवा पाइपचा तुकडा उभा पुरा आणि पाणी त्यातून सोडा. पुण्या-बंगळूरच्या हवेत हिवाळा-उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी १०० ते १५० मिलिलिटर पुरतं. पावसाळ्यात तीन-तीन आठवडे थेंबही लागत नाही. किती पाणी हे तारखेवर ठरवू नका, टबाच्या भिंतीवर बघा. पारदर्शक भिंतीतून ओली माती गडद आणि कोरडी फिकट दिसते, मधे एक रेघ असते. पाण्याच्या कोपऱ्याकडे गडद पट्टा दोन-तृतीयांश उंचीपर्यंत, आणि समोरच्या टोकाला जेमतेम एक-दोन सेंटिमीटर, अशी तिरकी रेघ टिकवायची. जिवांना स्वतःची जागा निवडता येते, आणि ती कुठे बसतात त्यावरून तुमचा अंदाज बरोबर आहे का तेही कळतं. सगळी पिल्लं कोरड्या टोकाला गोळा झाली तर पाणी जास्त झालं. हाताची परीक्षाही आहेच: मूठ आवळली की गोळा व्हावा, पाणी गळू नये, बोटाने टोचलं की फुटावा.

तापमान २४ ते ३० अंश उत्तम. कोकणात आणि बंगळूरात वेगळं काही करावं लागत नाही. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात टब जमिनीवर, घरातल्या सर्वांत थंड खोलीत, ओलं गोणपाट गुंडाळून ठेवावा. माळ्यावर नको, तिथे छताची धग असते.

हवेसाठी समोरासमोरच्या भिंतींवर, मातीच्या वर, ३-४ मिलिमीटरची दहा-बारा भोकं पुरतात. तापवलेल्या खिळ्याने होतात. पण त्यांवर आतून बारीक मलमल किंवा तशी जाळी चिकटवा. मच्छरदाणीच्या जाळीतून बारीक माश्या सहज जातात, आणि त्यांच्या अळ्यांनी एकदा माती धरली की सगळं मिश्रण बदलण्याशिवाय गत्यंतर नसतं.

खाणं त्यामानाने सोपं. पिल्लांचं मुख्य अन्न पाचोळाच, तो वरून दोन बोटं जाडीचा सतत असला पाहिजे. शिवाय आठवड्यातून दोनदा बाटलीच्या झाकणात माशांच्या खाद्याचे चार-पाच दाणे, आणि एका जाड नाण्याएवढा गाजर, रताळं किंवा लाल भोपळ्याचा तुकडा. साल काढून, धुऊन. दुसऱ्या दिवशी उरलेलं उचला. कुत्र्याचे दाणे चालतात, पण दमट हवेत एका रात्रीत त्यांवर बुरशी आणि पिठासारखे पांढरे माइट चढतात. माइट दिसले तर दाणे बंद करा, वरचा थर सुकू द्या, आणि काकडीची साल आमिष म्हणून ठेवून रोज सकाळी ती माइटसकट बाहेर फेका. आठवडाभरात आवाक्यात येतात.

आता विष. आपल्या घरांत झुरळ मारायची इतकी साधनं असतात की पाळलेलं झुरळ जगतं याचंच नवल. डासांचं मशिनमधलं लिक्विड, कॉइल, मुंग्यांचा खडू, कपाटातल्या डांबरगोळ्या, सोसायटीची तिमाही फवारणी, मांजराच्या मानेवर लावायचं पिसवांचं औषध: यांतलं प्रत्येक कीटक मारण्यासाठीच बनवलेलं आहे, आणि त्याला तुमचं झुरळ आणि स्वयंपाकघरातलं झुरळ यांतला फरक कळत नाही. टब असलेल्या खोलीत यांतलं काहीच नको. फवारणीच्या दिवशी टब दुसऱ्या कोणाच्या घरी, दोन-तीन दिवस. मांजराला औषध लावलेल्या हाताने माती उकरू नका. तुमची पहिल्या आठवड्यात गेली असतील तर कॉइल किंवा लिक्विड त्या खोलीत लागत होतं का, हे मला आधी सांगा.

मुंग्या हा दुसरा शत्रू, आणि त्यांना खडू चालत नाही म्हटल्यावर काय? टब विटेवर ठेवा, वीट पाण्याच्या ताटात, पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. साध्या पाण्यावर धुळीचा तवंग धरतो आणि मुंग्या त्यावरून चालत जातात. साबणाच्या पाण्यात बुडतात. टब भिंतीला टेकता कामा नये. एवढं केलं तरी पडद्याचं टोक टबावर लोळत असेल तर व्यर्थ.

तुमच्या घरच्यांची शंका रास्त आहे: ही बाहेर पडून घरभर होतील का? नाही. जगात झुरळांच्या साधारण ४,६०० जाती आहेत, आणि माणसाच्या घरात बस्तान बसवणाऱ्या तीसेक. ओली माती आणि कुजकी पानं नसतील तर या जातीची पिल्लं वाढत नाहीत. एखादं प्रौढ फडफडत बाहेर आलंच तर ते सिंकखाली संसार थाटणार नाही, पलंगाखाली सुकून मरेल. एक काळजी मात्र खरी आहे. झुरळांच्या विष्ठेच्या आणि कातींच्या धुळीने काहींना ॲलर्जी होते, दमा वाढतो. जुनी माती चाळताना ती थोडी ओली करा, मास्क लावा, काम बाल्कनीत करा. घरात कोणाला दमा असेल तर टब झोपायच्या खोलीत नको.

कधीतरी टबात एखादं दुधासारखं पांढरं झुरळ दिसेल आणि तुम्हाला वाटेल दुर्मीळ काहीतरी हाती लागलं. तसं नाही. नुकतीच कात टाकलेली सगळीच झुरळं पांढरी असतात, काही तासांत रंग चढतो. त्या वेळी अंग मऊ असतं, हात लावू नका.

मेलेली जपण्याबद्दल. वाळून कडक झालेली थेट टोचलीत तर पाय गळतील. घट्ट झाकणाच्या डब्यात ओली वाळू, त्यात जंतुनाशकाचे दोन-तीन थेंब, वर कागद आणि त्यावर झुरळं, असं एक-दोन दिवस ठेवा. मिशी बोटाने हलवून लवली की तयार. कीटक टोचायची एक किंवा दोन नंबरची पिन घ्या. ती मध्यरेषेच्या किंचित उजवीकडून, उजव्या पंखाच्या मुळाशी घालायची, म्हणजे डावी बाजू अखंड राहते. पाय टाचण्यांनी आधार देऊन आठ-दहा दिवस सुकू द्या, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात. प्रत्येक पिनेखाली चिठ्ठी: जागा, जिल्हा, तारीख, कोणी गोळा केलं, कुठे सापडलं (बांध, पाचोळा, कुठल्या झाडाखाली). चिठ्ठी नसलेला नमुना शोभेची वस्तू असतो, चिठ्ठी असलेला नोंद. संग्रहाच्या पेटीत डांबरगोळी लागतेच, नाहीतर बारीक किडे नमुने पोखरतात. तेवढ्यासाठी संग्रह आणि टब वेगवेगळ्या खोल्यांत.

मादागास्करची झुरळं घेऊ नका. परदेशातून जिवंत प्राणी आणायला परवाना आणि क्वारंटाइनची प्रक्रिया असते, आणि ऑनलाइन विकणाऱ्यांकडे ती कागदपत्रं मागितली की उत्तरं यायची थांबतात. पुढे कोणी टॅरान्टुला किंवा एम्परर विंचू सुचवेल. आपल्या झाडांवरचे पिसिलोथेरिया जातीचे टॅरान्टुला आणि आफ्रिकेतला एम्परर विंचू, दोन्ही साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये आहेत, आणि वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा जाती घरात ठेवणं हे हौसेचं नव्हे, कायद्याचं प्रकरण आहे. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून तर पाचोळासुद्धा उचलायचा नाही. आणि उबलेली जास्तीची पिल्लं भलत्याच ठिकाणी सोडू नका. सोडायचीच तर जिथून प्रौढ आणली त्याच बांधावर.

डब्यात एकही पेटी सापडली नाही तर ऑगस्टमध्ये प्रौढांच्या मागे धावू नका. उरलेली असतील तीही शेवटचे दिवस मोजत असतील. आत्ता टब भरून ठेवा, पाणी घालून मुरू द्या. पुढच्या वर्षी पहिल्या वळवानंतर संध्याकाळी मित्राच्या बांधावर जा, चार किंवा सहा प्रौढ आणा, त्याहून जास्त नको. सोबत त्याच झाडाखालचा अर्धी बादली पाचोळा, तोही आधी उकळत्या पाण्याने निथळून. आणल्याची तारीख टबावर चिकटपट्टीने लावा. ती प्रौढ मरतील तेव्हा तीच तारीख बघून पुढचे सहा महिने माती सांभाळायची आहे.